आत राखलेलं कापड

सकाळी सहाला उठलो तर फ्रिजच्या दारावर यादी चिकटवलेली. बेचाळीस वस्तू, आणि वर लाल पेनाने ठळक लिहिलेलं, ‘कोणीही हात लावू नये.’ कोणीही म्हणजे मी. या घरात यादीला हात लावणारा दुसरा आहेच कोण? बायको हात लावत बसत नाही, ती सरळ बदल करून मोकळी होते.

यादी आमच्या लेकीची, बबडीची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, पाण्याचा अभ्यास करते. पाण्याचा असा काय अभ्यास करायचा असतो, हे मी तिला पहिल्या वर्षी विचारलं होतं. तिने पाऊण तास समजावून सांगितलं, तेव्हापासून मी विचारत नाही. आता ती आणि तिच्या वर्गातली मुलं दहा दिवसांसाठी वर डोंगरातल्या एका गोठलेल्या तळ्यावर निघाली होती. बर्फाला गिरमिटाने भोकं पाडायची, बर्फ किती जाड आहे ते मोजायचं, खालचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. संध्याकाळी सहाला कॉलेजच्या फाटकातून बस सुटणार होती.

पण त्याआधी चार वाजता चाळणी होती. चाळणी हे त्यांच्या विभागातल्या मॅडमचं आणि त्यांच्या परीक्षेचंही मुलांनी ठेवलेलं नाव. या बाई प्रत्येक सहलीआधी मुलांना चाळून घेतात. एका पेटीत बर्फ आणि मीठ भरतात, हातमोजे घातलेल्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवतात आणि दोन्ही हात दहा मिनिटं त्या पेटीत ठेवायला लावतात. मग मोजे न काढता तीन कामं करायची. एक नट फिरवून बसवायचा, एका चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख लिहायची आणि एका बाटलीचं झाकण घट्ट लावायचं. जमलं तर बसमध्ये बसा. नाही जमलं तर दहा दिवस प्रयोगशाळेत बाटल्या विसळा. बबडीचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे पुन्हा संधी नाही. त्या तळ्याचा फोटो तीन वर्षं तिच्या टेबलावर लावलेला आहे. आमच्या दोघांचा फोटो त्याच्या मागे आहे, तो दिसत नाही.

आता थोडं माझं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. मी कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी करतो. पंचवीस वर्षं झाली. मटार, मका, मासे, सगळं मायनस अठरामध्ये ठेवलेलं असतं आणि त्या मायनस अठरामध्ये मीही असतो. थंडी हा माझा धंदा आहे. माझी मुलगी थंडीत काम करायला निघाली, तर तिने कोणाकोणाला विचारावं? वरच्या वर्गातल्या मुलांना विचारलं, फोनला विचारलं, मोजे विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. मला नाही. मी त्या दिवसाची मुद्दाम रजा काढली होती. सात वाजल्यापासून आंघोळ करून, उत्तरं तयार ठेवून कोचावर बसलो होतो. आठ वाजता ती समोर आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही माझ्या दोरीवर बसलाय.”

मी उठलो. दोरी दिली. पुन्हा बसलो.

आमची पुढची खोली म्हणजे बायकोचं दुकान. ती कपडे अल्टर करते. नवीन शिवत नाही, आहे ते अंगाला बसवून देते. वाढलेल्यांचे कपडे सैल करते, वाळलेल्यांचे आत घेते आणि दोघांनाही तोंडावर तसं सांगते. तिच्या हातात जादू आहे, हे मी नवरा म्हणून म्हणत नाही, गिऱ्हाइकं म्हणतात. पण तिला एक खोड आहे. सैल काही दिसलं की तिला चैन पडत नाही. कोणाच्या घरी गेलो की लोक माणसांशी बोलतात, ही पडद्याकडे बघत बसते. आमच्या मिक्सरला खोळ आहे, ती मिक्सरचं माप घेऊन शिवलेली आहे. इतकी चपखल बसते की काढताना दोन माणसं लागतात.

घरात माझं मात्र एकाच गोष्टीचं कौतुक होतं. मला चटका बसत नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, यांच्या टोकांना काही कळतच नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती कोल्ड स्टोरेजच्या दारात सापडली होती. निदान घरात सगळ्यांना तसंच माहीत आहे. त्यामुळे उकळत्या भांड्यावरचं झाकण उचलायचं, वाफाळते बटाटे सोलायचे, ही कामं माझ्याकडे. पाहुणे आले की बायको मला मुद्दाम बटाटे सोलायला बसवते आणि त्यांना म्हणते, बघा, ह्यांना काही होत नाही. बटणं मात्र मला लावता येत नाहीत, तेव्हा माझ्या सगळ्या शर्टांना तिने मोठाली बटणं शिवून दिली आहेत. ऑफिसातले साहेब एकदा म्हणाले होते की तुमची बटणं लहान मुलांच्या कोटासारखी आहेत.

तर साडेआठच्या सुमाराला बबडीने चाळणीची तालीम सुरू केली. विभागाने हातमोज्यांचे दोन जोड दिले होते, त्यांतला एक चढवला, आत लोकरीचं अस्तर असलेला, बाहेरून जाड. एकच माप, सगळ्यांना मोठं. तिने नट उचलला, तो पडला आणि कोचाखाली गेला. पुन्हा उचलला, पुन्हा गेला. पेन्सिल धरली, ती आडवी झाली. तारीख लिहिली, ती तारखेसारखी दिसेना. पाचव्यांदा नट पडल्यावर तिने मोजे काढून टेबलावर आपटले आणि हे कोणा पैलवानाचे आहेत, माझ्या हाताचे नाहीतच, आता मी नक्की बाटल्या विसळणार, असं म्हणून तिचे डोळे भरून आले.

मी म्हणालो, मोजे सैलच चांगले असतात. पण मी तेव्हा नट शोधायला कोचाखाली शिरलेलो होतो. कोचाखालून बोललेलं या घरात कोणाला ऐकू जात नाही.

मशीनवर बसलेल्या बायकोने मान वर केली, मोज्यांकडे बघितलं, मग लेकीच्या हातांकडे बघितलं. तिची ती नजर मी ओळखायला हवी होती. चोवीस वर्षांपूर्वी मी ती एकदा पाहिली होती.

मग घरात पळापळ सुरू झाली. बबडी रिकाम्या बाटल्या आणायला कॉलेजात गेली. मला पंधरा वस्तूंची चिठ्ठी देऊन बाजारात पिटाळलं. मऊ शिशाच्या सहा पेन्सिली, कारण थंडीत पेनाची शाई गोठते. हे मला तिने शिकवलं. मी पंचवीस वर्षं मायनस अठरामध्ये पेन्सिलीने माल लिहून घेतोय. स्टेशनरीवाल्याकडे मऊ पेन्सिली चारच होत्या, उरलेल्या दोन मी त्याच्या स्वतःच्या पेल्यातून घेतल्या. बॅटरीचे सेल, चिकटपट्टी, बंद करता येणाऱ्या पिशव्या, ओठांना लावायचं मलम. मलमाच्या दुकानात मुलीने मला विचारलं की कोणत्या वासाचं हवं. तिथे माझी दहा मिनिटं गेली. शेवटी बिनवासाचं घेतलं आणि ते चुकलंच असणार, अशी खूणगाठ बांधून दीड वाजता घरी आलो.

घरात आनंदीआनंद होता. बबडी माझ्या आधीच पोचली होती. हातात मोजे चढवून खोलीच्या मधोमध उभी होती आणि नट बोटांवर नाचवत होती. बोटांना कातडीसारखे बसलेले मोजे. एक सुरकुती नाही. तिने माझ्या समोर चिठ्ठी घेतली आणि तारीख लिहिली. पाठ्यपुस्तकात छापावी अशी तारीख. मग आईच्या गळ्यात पडली आणि तिला उचलायचा प्रयत्न करू लागली. बायको म्हणत होती की अगं सोड, टाचणी लागेल. पण तिचा चेहरा असा फुलला होता की काही विचारू नका. दुसरा जोडही तिने तसाच आत घेऊन ठेवला होता. मी बाजारात होतो तेवढ्या वेळात वीस बोटं उसवून, बेतून, पुन्हा शिवून झाली होती. जाड कापड, आत लोकर, सुई मोडेल असं काम. दुसऱ्या कोणाला दोन दिवस लागले असते.

मी दारात पिशव्या घेऊन उभा होतो. माझी नजर त्या मोज्यांवरून हलेना.

आधी आडून सांगून पाहिलं. म्हणालो, जरा घट्ट नाही का वाटत? बायको म्हणाली की घट्ट नाही, फिट आहेत, घट्ट आणि फिट यांत फरक असतो आणि तो तिला सव्वीस वर्षं कळतोय. म्हणालो, आत हवा राहायला जागा हवी. बबडी म्हणाली की बाबा, ते तुमचं गोदाम आहे, आम्ही मोकळ्यावर असणार आहोत. म्हणालो, मोकळ्यावर वारा असतो, मग तर जास्तच. तेव्हा दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. सकाळपासून नुसते बसून आहात, आता सगळं छान झालं तर खुसपट काढताय, असं दोघींचं एकमत झालं. या घरात दोघींचं एकमत वर्षातून दोनदा होतं आणि दोन्ही वेळा माझ्याविरुद्ध होतं.

मी चिडलो. पिशव्या टेबलावर टाकल्या, मागच्या गॅलरीत गेलो आणि कपड्यांच्या दोरीवरचे चिमटे उगीच इकडचे तिकडे केले. मनात म्हटलं, जाऊ दे. दहा मिनिटांची परीक्षा आहे. फिट मोज्यांत दहा मिनिटं निभावतील. पोरगी पास होईल, बायको खूश राहील, मला काय पडलंय? मग माझ्या डोळ्यांसमोर तळं आलं. तिथे दहा मिनिटं नाहीत, तिथे दहा दिवस आहेत. आणि बबडी स्वभावाने माझ्यावर गेलेली आहे. दुखलं तरी सांगणार नाही, दुखायचं थांबलं की बरं वाटलं म्हणेल.

आत आलो. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. बायको दुसऱ्या जोडाचे लोंबते दोरे कापत होती. मी तिच्या मशीनसमोर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. तिथे मी कधी बसत नाही.

“माझी बोटं दारात सापडली नव्हती,” मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. कुठली बोटं, असं विचारलं.

“ही,” मी हात पुढे केला. “दारात नव्हती सापडली. गारठली होती. तू मोजे शिवून दिले होतेस ना, तेव्हा.”

कात्री थांबली. मग मला सगळं सांगावं लागलं. लग्नाला दोन महिने झाले होते. कंपनीचे हातमोजे असेच, एका मापाचे, घरी धुवायला आणले होते. तिने ते बघितले, माझ्या हातांकडे बघितलं आणि रविवारी दुपारी बसून आत घेऊन दिले. तिने माझ्यासाठी केलेली ती पहिली वस्तू. अख्ख्या गोदामात तसे मोजे कोणाकडे नव्हते. मी सगळ्यांना दाखवत फिरलो. आमच्याकडे नियम असा की वीस मिनिटं आत काढली की बाहेर यायचं. पण त्या आठवड्यात माल इतका आला की आम्ही चाळीस चाळीस मिनिटं आत राहत होतो. बाकीच्यांचे मोजे सैल होते. माझे कातडीसारखे होते. पहिल्यांदा बोटं दुखली, मग मुंग्या आल्या, मग दुखायचं थांबलं. मला वाटलं, झालं, सवय झाली. बाहेर येऊन मोजे काढले तर तिन्ही टोकं मेणबत्तीसारखी पांढरी. डॉक्टरांनी बोटं वाचवली. जाणीव काही परत आली नाही.

“घरी येताना ठरवलं होतं की सांगायचं,” मी म्हणालो. “पण दारातच तू हाताची पट्टी बघितलीस आणि रडायला लागलीस. मी घाबरून म्हणालो, दारात सापडली. मग संध्याकाळी तू शेजारणीला सांगत होतीस की मी शिवलेले मोजे होते म्हणून बोटं शाबूत राहिली. इतकी खूश होतीस. त्यानंतर कसं सांगणार?”

बबडी मोजे घातलेले हात तसेच पुढे धरून उभी होती.

बायको रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा लाल झाला. म्हणाली, “चोवीस वर्षं मी तुम्हाला पाहुण्यांसमोर गरम बटाटे सोलायला बसवलं.”

मी म्हणालो, मला आवडतात सोलायला. ती म्हणाली की एक अक्षर बोलू नका.

मग तिने लेकीच्या हातातले मोजे ओढून काढले, एकेक बोट धरून. ते सहज निघेनात, हे तिलाही कळलं असणार. ब्लेड घेतलं, मोजा उलटा केला आणि सकाळी घातलेली टीप एका टोकापासून उसवायला सुरुवात केली. मोजा उलटा झाल्यावर मला दिसलं की तिने कापड कुठेच कापलेलं नव्हतं. सगळं जादा कापड आत दुमडून ठेवलं होतं. जातिवंत हात असा असतो. बबडीला म्हणाली, “लाइट लाव. आणि किती सैल हवेत ते ह्यांना विचार.”

पंचवीस वर्षांत मला प्रथमच कोणी तरी विचारलं.

मी सांगायला बसलो. आत लोकर दबता कामा नये. बोटाच्या टोकाशी अर्ध्या नखाएवढी जागा मोकळी हवी. मनगटाशी मात्र मोजा बंद हवा, तिथून थंडी शिरते. बायको मान खाली घालून ऐकत होती आणि हात चालवत होती. मनगटाशी तिने सकाळचीच टीप ठेवली, ती बरोबर होती. एवढं तरी बरोबर होतं म्हणायचं, असं पुटपुटली. दुसऱ्या जोडाची टीप बबडी काढू लागली आणि मी उसवलेले दोरे वेचू लागलो. माझ्या बोटांना दोरे कळत नाहीत, पण डोळ्यांना दिसतात.

काम करता करता बबडीने विचारलं, “बाबा, मग आत तुमची बोटं गार पडली की तुम्ही काय करता?”

आम्ही आत काय करतो, ते मी तिला उसवलेल्या मोज्यातच दाखवलं. मोजा सैल असला की बोटं त्यांच्या खोळींतून मागे ओढून घ्यायची. बाहेरून मोजा तसाच दिसतो, बोटं रिकामी लोंबतात. पण आत तळहाताशी मूठ वळलेली असते. वीस आकडे मोजायचे, मूठ घट्ट करायची, सैल करायची. रक्त परत येतं. मग बोटं पुन्हा खोळींत सरकवायची आणि कामाला लागायचं. गोदामात नवीन माणूस आला की आम्ही त्याला सगळ्यात आधी हे शिकवतो. फिट मोज्यांत हे होत नाही. मला हे नंतर शिकवलं.

तिने करून पाहिलं. तीन वेळा केलं. मग माझा उजवा हात धरला, तिन्ही बोटांची टोकं आळीपाळीने दाबून बघितली आणि सोडला.

तीनला दहा कमी असताना पहिला जोड तयार झाला. दुसरा आई बसवर आणून देणार असं ठरलं. पाठीवर सॅक, मांडीवर बाटल्यांची पेटी, अशी बबडी माझ्या स्कूटरवर मागे बसली. सॅक इतकी मोठी की आरशात मला मुलगी दिसतच नव्हती, नुसती सॅक. रस्ताभर ती वीस आकडे मोजत होती. सिग्नलला शेजारचा गाडीवाला आमच्याकडे बघत राहिला.

विभागाच्या दाराबाहेर एक बाक आहे, त्यावर मी बसलो. आत जायला पालकांना परवानगी नव्हती. दाराच्या काचेतून चाळणी मॅडम दिसल्या. मी कोणी तरी उग्र बाई डोळ्यांसमोर आणली होती, तर त्या ठेंगण्या, हसऱ्या आणि स्वतः पाच मिनिटं हात बर्फात घालून पाणी पुरेसं गार आहे का ते बघत होत्या. मला त्या एकदम आपल्यातल्या वाटल्या.

बबडीचा नंबर पाचवा होता. ती आत गेली आणि मी माझ्याच नकळत मूठ वळली. दहा मिनिटं म्हणजे किती असतात, हे मला त्या दिवशी कळलं. कोल्ड स्टोरेजमध्ये इतकी मोठी दहा मिनिटं मी पाहिलेली नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालेलं होतं. म्हणाली, नट एकदा पडला. मी डोळे मिटले. मग म्हणाली, पण मॅडम म्हणाल्या की पडू दे, उचल. चिठ्ठीवरची तारीख वाकडी आली, पण वाचता आली. झाकण पहिल्या झटक्यात लागलं. पेटीतून हात काढल्यावर ती लगेच कामाला लागली नव्हती. नुसती उभी राहिली होती, मोज्यांची बोटं रिकामी लोंबत होती. मॅडमनी विचारलं, काय करतेस? तिने सांगितलं, वीस मोजतेय. मॅडमनी मोजा हातात घेऊन उलटा केला, आतलं कापड बघितलं आणि हे कुठे शिकलीस म्हणून विचारलं.

“मग काय सांगितलंस?” मी विचारलं.

“बाबांनी शिकवलं आणि आईने जागा करून दिली, असं सांगितलं,” ती म्हणाली. मग ती सॅकसकट माझ्या अंगावर पडली. मी बाकावरून घसरता घसरता वाचलो. ती निघाली होती तळ्यावर. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं, एवढं लिहितो.

साडेपाचला बायको दुकान बंद करून आली. सहसा ती सातच्या आधी दुकान बंद करत नाही. हातात दुसरा जोड, नीट घडी घातलेला, आणि डबा. बबडीच्या अंगात विभागाचा मोठा कोट होता. तो खांद्यांवरून ओघळत होता, बाह्या हाताच्या बोटभर खाली आल्या होत्या. बायकोने त्या कोटाकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिचा हात पुढे गेला आणि मागे आला. मग तिने नुसती वरपर्यंत चेन लावली आणि म्हणाली, असू दे, सैलच असू दे. बबडी हसायला लागली, मीही लागलो. बायको हसली नाही, पण तिने डोळे मोठे केले आणि ते तिचं हसण्याआधीचं असतं.

बस सुटली. काचेतून बबडीने मोजा घातलेला हात हलवला. बोटं रिकामी लोंबत होती. आतून मूठ वळून दाखवत होती कार्टी.

आम्ही घरी आलो. घर एकदम मोठं वाटत होतं. फ्रिजवर यादी तशीच होती, बेचाळीस वस्तूंवर बेचाळीस खुणा. बायकोने चहा टाकला. मी सवयीने पातेल्यावरचं झाकण उचलायला हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतः फडक्याने झाकण काढलं. मी म्हणालो, अगं मला काही होत नाही. ती म्हणाली की माहीत आहे. चहा गाळला आणि पेला माझ्या डाव्या हातात दिला.

डाव्या हाताला चटका बसला. मी पेला लगेच खाली ठेवला. ती बघत होती.

बराच वेळ ती मशीनपाशी बसून रिकाम्या बॉबिनवर दोरा भरत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, “मला तर सांगितलं होतंत की ते मोजे फाटले म्हणून टाकून दिले.”

मी म्हणालो, “माझ्या लॉकरमध्ये आहेत.”

“का?”

“इतके छान बसले होते,” मी म्हणालो. दुसरं कारण मला तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नाही.

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“उद्या घेऊन या,” ती म्हणाली. “आत कापड राखलेलं असणार मी. सैल करून देते.”